मारिओ लेम्यू : खेळाडू, रुग्ण, धनको आणि मालक

२ मार्च १९९३. सकाळी पिट्सबर्गच्या रुग्णालयात एका सत्तावीस वर्षांच्या रुग्णाने किरणोपचाराची अखेरची मात्रा घेतली. दुपारी तो विमानाने फिलाडेल्फियाला गेला आणि त्याच रात्री बर्फावर उतरून त्याने एक गोल केला, दुसऱ्या गोलला हातभार लावला. प्रतिस्पर्ध्यांच्या वाईटावर टपलेले म्हणून फिलाडेल्फियाचे प्रेक्षक साऱ्या अमेरिकेत कुप्रसिद्ध आहेत. पण त्या रात्री तेही उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. त्या खेळाडूचे नाव मारिओ लेम्यू.

आइस हॉकीच्या इतिहासात सर्वश्रेष्ठ कोण, या वादात वेन ग्रेट्झ्की आणि बॉबी ऑर यांच्या जोडीने लेम्यूचे नाव हमखास घेतले जाते. मात्र त्याच्या कारकिर्दीचे मोल केवळ गोलांच्या आकड्यांत मावत नाही. पाठीचे दुखणे, कर्करोग, निवृत्ती आणि पुनरागमन या साऱ्यांतून गेलेल्या या खेळाडूने अखेर आपल्या थकलेल्या पगाराच्या बदल्यात दिवाळखोर संघच ताब्यात घेतला आणि तो शहरात टिकवून ठेवला. व्यावसायिक खेळाडूचे आयुष्य किती बेभरवशाचे असते आणि तरीही त्याला कोणते वळण देता येते, याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

खेळाची तोंडओळख

आपल्या परिचयाच्या मैदानी हॉकीशी आइस हॉकीचे नाव जुळते, पण खेळ निराळा. साधारण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद अशा गोठवलेल्या मैदानावर, चारही बाजूंनी फळ्यांच्या कुंपणात तो खेळला जातो. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, म्हणजे पक असतो. प्रत्येक संघाचे एका वेळी सहा खेळाडू बर्फावर असतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीचे खेळाडू. वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा हा सामना इतक्या वेगाने चालतो, की खेळाडू मिनिटभरापेक्षा कमी वेळ खेळून धापा टाकत बाकावर परततात आणि दुसरी तुकडी आत जाते. प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे नियमांत बसते. त्यामुळे पाठ, गुडघे आणि खांदे यांवर पडणारा ताण कोणत्याही खेळाडूच्या कारकिर्दीची लांबी ठरवतो.

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग अर्थात एनएचएल ही या खेळाची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा. प्रत्येक संघ मोसमात ऐंशीच्या आसपास साखळी सामने खेळतो आणि त्यातून निवडलेले संघ बाद फेरीत स्टॅनले चषकासाठी झुंजतात. खेळाडूची कामगिरी ‘गुणां’मध्ये मोजली जाते. गोलला एक गुण आणि गोलसाठी पास देणाऱ्याला, म्हणजे ‘असिस्ट’ला, एक गुण. एका मोसमात शंभर गुण मिळवणारा खेळाडू अव्वल समजला जातो. लेम्यूच्या आकड्यांकडे पाहताना हा मापदंड ध्यानात ठेवावा लागतो.

मॉन्ट्रियलचा मुलगा

मारिओचा जन्म ५ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात, एका फ्रेंच भाषक कामगारवर्गीय कुटुंबात झाला. तीन भावांत तो धाकटा. घराच्या तळघरात लाकडी डाव आणि बाटल्यांची झाकणे घेऊन ही मुले हॉकी खेळत. अंधार पडला की घरातल्या गालिच्यावर बर्फ आणून थापले जाई आणि खेळ पुढे चालू राही, ही आठवण आता कॅनडातल्या हॉकीप्रेमींना तोंडपाठ झाली आहे. फ्रेंचमध्ये ‘ल म्यू’ या शब्दांचा अर्थ ‘सर्वांत उत्तम’ असा होतो. आडनावाचे हे ओझे पुढे त्याला जन्मभर वागवावे लागले.

सोळाव्या-सतराव्या वर्षीच तो सहा फूट चार इंच उंचीचा झाला. एवढ्या उंच खेळाडूकडून सहसा ताकदीची अपेक्षा असते. लेम्यूकडे बुटक्या खेळाडूला शोभावे असे हात होते. लाव्हाल येथील कनिष्ठ गटाच्या संघाकडून १९८३-८४ च्या मोसमात त्याने ७० सामन्यांत १३३ गोल आणि १४९ असिस्ट असे एकूण २८२ गुण मिळवले. क्यूबेकच्या कनिष्ठ लीगमधला हा विक्रम आजही अबाधित आहे. त्याच्या सल्लागाराने सुचवल्यावरून त्याने ६६ हा क्रमांक घेतला होता. ग्रेट्झ्कीचा ९९ उलटा केला की ६६ होतो. तुलना टाळायची नाही, उलट ओढवून घ्यायची, असा तो प्रकार होता.

बुडत्या संघाच्या हाती हिरा

एनएचएलमध्ये नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’ या पद्धतीने वाटले जातात आणि त्या काळी तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळत असे. १९८३-८४ मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्स हा संघ तळाला होता. तो मुद्दाम हरतो आहे, अशी उघड चर्चा त्या मोसमाच्या अखेरीस होती. १९६७ मध्ये स्थापन झालेला हा संघ १९७५ मध्ये एकदा दिवाळखोरीत गेलेला होता. पोलादाचे कारखाने बंद पडू लागलेल्या पिट्सबर्गमध्ये हॉकीला सरासरी सात हजार प्रेक्षकही येत नव्हते. संघ दुसरीकडे नेण्याच्या वावड्या उठत होत्या.

९ जून १९८४ रोजी मॉन्ट्रियलमध्येच झालेल्या ड्राफ्टमध्ये पेंग्विन्सने लेम्यूची पहिली निवड केली. कराराच्या रकमेवरून बोलणी फिसकटलेली असल्यामुळे त्याने रिवाजाप्रमाणे खाली येऊन संघाची जर्सी चढवली नाही. अठरा वर्षांच्या पोराचा हा उद्धटपणा अनेकांना खुपला. करार यथावकाश झाला. पण आपल्या कामाचे मोल आपणच ठरवून मागायचे, हा स्वभाव तेव्हाच दिसला आणि पंधरा वर्षांनी तोच संघाच्या कामी आला.

११ ऑक्टोबर १९८४ रोजी बोस्टनमध्ये त्याने पदार्पण केले. बर्फावरची ती पहिलीच खेप. बोस्टनचा नामवंत बचावपटू रे बोर्क याच्याकडून पक हिसकावून तो एकटा गोलरक्षकावर चालून गेला आणि कारकिर्दीतल्या पहिल्याच फटक्यावर त्याने गोल केला. मोसमाअखेर त्याच्या नावावर बरोबर १०० गुण होते आणि सर्वोत्तम नवोदिताचा किताबही. इंग्रजी त्याला जेमतेम येत होते. दूरचित्रवाणीवरच्या मालिका पाहून ती शिकल्याचे पुढे सांगितले गेले.

ग्रेट्झ्कीच्या शेजारी

पहिली काही वर्षे लेम्यूवर एक आक्षेप कायम होता : गुण भरपूर, पण मेहनत बेताची. हा आक्षेप १९८७ च्या कॅनडा चषक स्पर्धेने पुसला. सोव्हिएत संघाविरुद्धची तीन सामन्यांची अंतिम लढत या खेळातल्या सर्वोत्कृष्ट लढतींपैकी एक मानली जाते. तिन्ही सामने ६-५ असे सुटले. तिसऱ्या सामन्यात, १५ सप्टेंबर रोजी हॅमिल्टन शहरात, ५-५ अशी बरोबरी असताना आणि दीड मिनिटाहूनही कमी वेळ उरला असताना ग्रेट्झ्कीने दिलेल्या पासवर लेम्यूने विजयी गोल केला. स्पर्धेतल्या नऊ सामन्यांत त्याचे ११ गोल झाले. सराव कसा करतात आणि जबाबदारी कशी पेलतात, हे ग्रेट्झ्कीच्या सहवासातल्या त्या काही आठवड्यांत शिकायला मिळाले, असे लेम्यूनेच पुढे अनेकदा मान्य केले.

परिणाम लगेच दिसला. १९८७-८८ मध्ये १६८ गुण मिळवून त्याने ग्रेट्झ्कीची सलग सात वर्षांची गुणतक्त्यावरची मक्तेदारी मोडली. सर्वाधिक मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफीही मिळवली, जी त्याआधी आठ वर्षे ग्रेट्झ्कीकडेच होती. पुढच्या मोसमात ८५ गोल आणि ११४ असिस्ट असे १९९ गुण झाले. ग्रेट्झ्कीखेरीज कोणीही मोसमात २०० गुणांच्या इतके जवळ पोहोचलेले नाही.

त्याच मोसमातली ३१ डिसेंबर १९८८ ची रात्र हॉकीच्या लोककथेत जमा झाली आहे. न्यू जर्सीविरुद्ध लेम्यूने पाच गोल केले आणि ते पाच वेगवेगळ्या परिस्थितींत केले. एक दोन्ही संघांचे बळ सारखे असताना; एक प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना; एक स्वतःचा संघ एका खेळाडूने कमी असताना; एक पेनल्टी फटक्यावर आणि शेवटचा, प्रतिस्पर्ध्याने गोलरक्षक काढून घेतल्यावर मोकळ्या जाळ्यात. एकाच सामन्यात हे पाचही प्रकार साधणारा दुसरा खेळाडू एनएचएलमध्ये झालेला नाही.

पाठीने धरलेला हट्ट

सहा फूट चार इंचाचे शरीर सतत वाकवून खेळणाऱ्या लेम्यूची पाठ मात्र चोविसाव्या वर्षीच बोलू लागली. १९८९-९० मध्ये तो सलग ४६ सामन्यांत किमान एक गुण मिळवत आला होता. ग्रेट्झ्कीचा ५१ सामन्यांचा विक्रम टप्प्यात होता. १४ फेब्रुवारी १९९० रोजी न्यूयॉर्कमध्ये वेदना असह्य होऊन तो सामना अर्धवट सोडून निघाला आणि ती मालिका तिथेच तुटली. त्या उन्हाळ्यात सरकलेल्या मणक्याच्या चकतीवर शस्त्रक्रिया झाली. पाठोपाठ जंतुसंसर्ग झाला. अनेक महिने अंथरुणात गेले आणि पुढच्या मोसमातले पहिले ५० सामने हुकले.

२६ जानेवारी १९९१ रोजी तो परतला. पुढच्या काळात अनेकदा अशी स्थिती असे, की स्केट्सच्या नाड्या बांधायला त्याला वाकता येत नसे. ते काम संघाचे साहित्य सांभाळणारा कर्मचारी करी. नाड्या बांधून झाल्या की हाच माणूस बर्फावर जाऊन सामना फिरवी. १९९१ च्या बाद फेरीत २३ सामन्यांत त्याने ४४ गुण मिळवले. मिनेसोटाविरुद्धच्या अंतिम लढतीतला एक सामना पाठीमुळे त्याला सोडावा लागला. तरीही २५ मे रोजी सहाव्या सामन्यात ८-० असा विजय मिळवून पेंग्विन्सने आपला पहिला स्टॅनले चषक उंचावला. बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान अर्थातच लेम्यूचा होता.

या यशाला दुःखाची किनार होती. संघाला चषक जिंकून देणारे प्रशिक्षक बॉब जॉन्सन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेंदूच्या कर्करोगाने गेले. स्कॉटी बोमन यांनी सूत्रे घेतली. १९९२ च्या बाद फेरीत न्यूयॉर्कच्या खेळाडूच्या स्टिकच्या तडाख्याने लेम्यूच्या हाताचे हाड मोडले. काही सामन्यांनंतर तो परतला, पेंग्विन्सने अंतिम फेरीत शिकागोला चारही सामन्यांत हरवले आणि सलग दुसऱ्यांदा चषकही मिळाला, सर्वोत्तम खेळाडूचा मानही.

कर्करोग आणि छप्पन्न गुण

१९९२-९३ चा मोसम त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम ठरणार, अशी चिन्हे होती. चाळीस सामन्यांत १०४ गुण झाले होते. ग्रेट्झ्कीचा एका मोसमातला २१५ गुणांचा विक्रम मोडेल की काय, याची चर्चा रंगली होती. अशात मानेवरच्या गाठीच्या तपासणीचा अहवाल आला आणि १२ जानेवारी १९९३ रोजी जाहीर झाले, की लेम्यूला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला आहे. रोग लवकर ध्यानात आला होता आणि बरा होण्याची शक्यता मोठी होती. तरीही सत्ताविसाव्या वर्षी ‘कर्करोग’ हा शब्द ऐकणाऱ्याला आकडेवारीचा दिलासा किती पुरणार?

सुमारे महिनाभर किरणोपचार चालले. तो मैदानाबाहेर असताना बफेलोचा पॅट लाफाँटेन गुणतक्त्यात बारा गुणांनी पुढे निघून गेला. उपचार संपले त्याच दिवशी लेम्यू फिलाडेल्फियात उतरला. तो प्रसंग आरंभी आलाच आहे. तो सामना पेंग्विन्स हरले; पण त्यानंतर जे घडले ते खेळाच्या इतिहासात अपूर्व होते. उरलेल्या २० सामन्यांत लेम्यूने ५६ गुण मिळवले. संघाने सलग १७ सामने जिंकले, जो लीगचा विक्रम आहे. मोसमाअखेर ६० सामन्यांत १६० गुणांसह लेम्यू लाफाँटेनच्या बारा गुण पुढे होता. दोन डझन सामने न खेळता त्याने गुणतक्ता जिंकला होता.

कथा इथे थांबली असती, तर ती फार सुबक झाली असती. प्रत्यक्षात लीगमध्ये अव्वल ठरलेला हा संघ बाद फेरीच्या दुसऱ्याच टप्प्यात न्यूयॉर्क आयलँडर्सकडून हरला. जुलैमध्ये लेम्यूच्या पाठीवर दुसरी शस्त्रक्रिया झाली. १९९३-९४ मध्ये त्याला २२ सामनेच खेळता आले. किरणोपचारानंतरचा थकवा जाईना म्हणून १९९४-९५ चा संपूर्ण मोसम त्याने विश्रांती घेतली.

पहिली निवृत्ती

१९९५-९६ मध्ये तो परतला, तोही ७० सामन्यांत १६१ गुण घेऊन. पुढच्या मोसमात १२२ गुणांसह तो पुन्हा तक्त्यात पहिला आला. या काळात पाठोपाठच्या दोन रात्री सामने असले, की तो अनेकदा एकच खेळे. खेळाची शैलीही त्याला रुचेनाशी झाली होती. कुशल खेळाडूला अडवण्यासाठी त्याला स्टिकने खेचणे, जर्सी धरून ठेवणे हे प्रकार वाढले होते आणि पंच त्याकडे काणाडोळा करत होते. लेम्यूने त्याविरुद्ध जाहीरपणे, कधी कधी कडवट शब्दांत, टीका केली आणि ती लीगच्या अधिकाऱ्यांना झोंबलीही. पुढे २००५ मध्ये लीगने हे नियम कडकपणे राबवायला घेतले, तेव्हा त्याचे म्हणणे खरे ठरले.

१९९७ च्या वसंतात, एकतिसाव्या वर्षी, गुणतक्त्यात पहिला असतानाच त्याने निवृत्ती पत्करली. १९८४ ते १९९७ या तेरा मोसमांत पेंग्विन्स १०२० साखळी सामने खेळले. त्यांपैकी ७४५ सामन्यांत लेम्यू होता. म्हणजे चारांतला एक सामना दुखापतीने आणि आजाराने खाल्ला. पण खेळलेल्या ७४५ सामन्यांत त्याचे १४९४ गुण होते. दर सामन्यास दोनांहून किंचित अधिक. तोपर्यंत कोणताही खेळाडू या सरासरीने निवृत्त झाला नव्हता. हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी निवृत्तीनंतर तीन वर्षे थांबण्याचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवण्यात आला आणि त्याच वर्षी त्याचा समावेश झाला.

धनको ते मालक

आता कारकिर्दीतला सर्वांत वेगळा अध्याय सुरू होतो. १९९२ मध्ये लेम्यूने पेंग्विन्सशी सात वर्षांचा ४ कोटी २० लाख डॉलरचा करार केला होता. दोन चषक जिंकलेल्या संघाचे वेतन अफाट वाढले होते आणि शहर त्या मानाने लहान होते. १९६१ सालचे जुने क्रीडागृह पुरेसे उत्पन्न देत नव्हते. अशा वेळी मालकांनी एक सोपा मार्ग पत्करला : बड्या खेळाडूंच्या पगाराचा मोठा भाग पुढच्या वर्षांवर ढकलायचा. पुढची वर्षे आली तेव्हा तिजोरी रिकामी होती. १९९८ च्या अखेरीस संघाने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले.

अमेरिकेतल्या या तरतुदीनुसार धंदा चालू ठेवून देणेकऱ्याला न्यायालयासमोर परतफेडीची योजना मांडता येते. ज्यांच्याकडे तारण असते त्यांचे पैसे आधी सुटतात. विनातारण धनकोंच्या वाट्याला बहुधा रुपयातले काही पैसेच येतात. पेंग्विन्सच्या विनातारण धनकोंत सर्वांत मोठे नाव होते मारिओ लेम्यू. संघ त्याला सुमारे सव्वातीन कोटी डॉलर देणे लागत होता. संघ विसर्जित झाला किंवा दुसऱ्या शहराला विकला गेला असता, तर या रकमेपैकी फारच थोडे हाती पडले असते.

लेम्यूने न्यायालयापुढे वेगळीच योजना ठेवली. थकलेल्या पगारातले सुमारे दोन कोटी डॉलर रोख न घेता त्यांचे भागभांडवलात रूपांतर करायचे, आणखी गुंतवणूकदार जोडायचे आणि संघ पिट्सबर्गमध्येच चालवायचा. यात परोपकार होता तसा हिशेबही होता : बुडीत खाती जाणारी रक्कम वसूल होण्याची ही एकमेव वाट होती. पण धोकाही खराच होता. कारण तोट्यातला संघ पुन्हा तोट्यात गेला असता, तर उरलेसुरलेही गेले असते. न्यायालयाने आणि लीगने योजना मान्य केली आणि सप्टेंबर १९९९ मध्ये संघ लेम्यूच्या गटाकडे आला. ज्या संघाकडून खेळला त्याच संघाचा प्रमुख मालक होणारा तो आधुनिक काळातला पहिला खेळाडू. पुढच्या काही वर्षांत न्यायालयाने ठरवून दिलेली सर्व धनकोंची देणी त्याच्या गटाने फेडली.

मालक बर्फावर उतरतो

२७ डिसेंबर २००० रोजी पिट्सबर्गच्या क्रीडागृहात छतालगत टांगलेला, निवृत्त केलेला ६६ क्रमांकाचा ध्वज खाली उतरवण्यात आला. मालकच पुन्हा खेळणार होता. चार वर्षांच्या मुलाने आपल्याला खेळताना कधी पाहिले नाही, हे पुनरागमनामागचे एक कारण त्याने सांगितले होते. साडेतीन वर्षे खेळापासून दूर राहिलेल्या या पस्तीस वर्षांच्या माणसाने टोरंटोविरुद्ध सामन्याच्या ३३ व्या सेकंदाला असिस्ट नोंदवला. त्या रात्री त्याचा एक गोलही झाला. त्या मोसमातल्या ४३ सामन्यांत त्याने ७६ गुण मिळवले. तिकीटविक्री वाढली हे सांगायला नकोच. संघाचा सर्वांत मोठा तारा आणि त्याच्या कमाईचा मुख्य लाभार्थी एकच होता.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी येथील हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तो कॅनडाचा कर्णधार होता. २४ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात यजमान अमेरिकेविरुद्ध एक पास त्याच्या दिशेने आला. तो फटका मारणार, या अपेक्षेने गोलरक्षक सरसावला. लेम्यूने स्टिक हलवली, पण पक पायांमधून तसाच पलीकडे जाऊ दिला. मागे असलेल्या पॉल कारियाने तो जाळ्यात धाडला. ज्या गोलला लेम्यूचा स्पर्शही झाला नाही, तो त्याच्या खेळाचे वर्णन करताना आजही आधी सांगितला जातो. कॅनडाने ५-२ असा विजय मिळवून पन्नास वर्षांनी ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले.

शरीर मात्र जुनी देणी विसरले नव्हते. नितंबाच्या सांध्याच्या दुखण्याने पुढचे मोसम तुकड्या-तुकड्यांत गेले. २००४-०५ चा संपूर्ण मोसम मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वेतनाच्या वादात बुडाला. या वादात लेम्यू खेळाडूही होता आणि मालकही. एकूण वेतनावर मर्यादा घालणारी जी पद्धत या वादातून आली, ती पिट्सबर्गसारख्या लहान शहरांच्या फायद्याची होती आणि त्याने तिची बाजू घेतली. कधी काळी कराराच्या रकमेसाठी जर्सी न घालणारा हाच खेळाडू होता, याची आठवण टीकाकारांनी करून दिली.

डिसेंबर २००५ मध्ये हृदयाच्या ठोक्यांच्या अनियमिततेचे निदान झाले आणि २४ जानेवारी २००६ रोजी, चाळिसाव्या वर्षी, लेम्यूने खेळाला कायमचा निरोप दिला.

वारसा

२००५ च्या उन्हाळ्यात सोडतीतून पेंग्विन्सला पुन्हा पहिली निवड मिळाली आणि त्यांनी सतरा वर्षांच्या सिडनी क्रॉस्बीला घेतले. नवख्या क्रॉस्बीला लेम्यूने काही वर्षे आपल्याच घरी ठेवून घेतले. संघ दुसऱ्या शहरात जाण्याचे संकट २००६-०७ मध्ये पुन्हा उभे राहिले. इतर शहरांशी बोलणी झाल्याच्या बातम्यांनी प्रेक्षक हवालदिल झाले. मार्च २००७ मध्ये नव्या क्रीडागृहाचा करार झाला, २०१० मध्ये ते उघडले आणि संघाचा मुक्काम पक्का झाला. २००९, २०१६ आणि २०१७ मध्ये पेंग्विन्सने स्टॅनले चषक जिंकला. खेळाडू म्हणून दोन आणि मालक म्हणून तीन, अशी लेम्यूच्या चषकांची मोजणी होते. २०२१ मध्ये त्याच्या गटाने संघाचे नियंत्रण फेनवे स्पोर्ट्स ग्रुपकडे सोपवले.

कर्करोगाच्या वर्षी, १९९३ मध्ये, स्थापन केलेले मारिओ लेम्यू फाउंडेशन वैद्यकीय संशोधनाला मदत करते, तसेच रुग्णालयांतून मुलांसाठी खेळघरे उभारते.

ग्रेट्झ्कीशी तुलना अटळ आहे. ग्रेट्झ्कीने १४८७ सामन्यांत २८५७ गुण मिळवले. त्या डोंगरापर्यंत लेम्यू पोहोचला नाही. मात्र दर सामन्यामागे ग्रेट्झ्कीची सरासरी १.९२, तर लेम्यूची १.८८ आहे. दर सामन्यामागे गोलांत लेम्यू पुढे आहे. निरोगी शरीर लाभते तर काय झाले असते, हा प्रश्न हॉकीचे चाहते आजही एकमेकांना विचारतात. त्याला उत्तर नाही. पण १९९९ मध्ये त्याने आपला थकलेला पगार रोखीनेच मागितला असता, तर पिट्सबर्गमध्ये हॉकी उरली असती का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक पिट्सबर्गकर क्षणाचाही विचार न करता देतात.

कारकीर्द एका दृष्टिक्षेपात

- जन्म : ५ ऑक्टोबर १९६५, मॉन्ट्रियल (कॅनडा)
- संघ : पिट्सबर्ग पेंग्विन्स (१९८४ ते १९९७ आणि २००० ते २००६)
- साखळी सामने : ९१५; गोल ६९०, असिस्ट १०३३, एकूण गुण १७२३
- बाद फेरी : १०७ सामने, गोल ७६, असिस्ट ९६, एकूण गुण १७२
- सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस ट्रॉफी : सहा वेळा (१९८८, १९८९, १९९२, १९९३, १९९६, १९९७)
- सर्वाधिक मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी : तीन वेळा (१९८८, १९९३, १९९६)
- बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्मिथ ट्रॉफी : १९९१, १९९२
- चिकाटीसाठीची मास्टरटन ट्रॉफी : १९९३
- स्टॅनले चषक : खेळाडू म्हणून १९९१, १९९२; मालक म्हणून २००९, २०१६, २०१७
- आंतरराष्ट्रीय : कॅनडा चषक १९८७, ऑलिम्पिक सुवर्ण २००२, विश्वचषक २००४